जुनं दुकान म्हणजे नुसती चव नव्हे

वडील गेल्यानंतर त्यांचं कपाट आवरताना एक पिवळं पडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड हाती आलं. महिन्याच्या तारखा एकाखाली एक, आणि प्रत्येक तारखेपुढे दोन चौकोन, सकाळचा आणि रात्रीचा. जेवण झालं की चौकोनात निळ्या पेन्सिलीची फुली. फुली नसेल तिथे बारीक अक्षरात 'खाडा'. महिना मार्च १९७२. देवासहून नोकरीसाठी इंदूरला आलेल्या एका अविवाहित कारकुनाचं हे खानावळीचं कार्ड. महिन्यात एकूण सहा खाडे, सगळे शनिवार रात्र ते रविवार रात्रीचे. म्हणजे वडील त्या महिन्यात दोनदा घरी जाऊन आले होते. बाकी सगळी जेवणं त्या खानावळीत.

ती खानावळ रामबागेजवळ एका वाड्याच्या खालच्या मजल्यावर होती. लहानपणी वडिलांचं बोट धरून मीही तिथे जेवलो आहे. लांब बाकं, स्टीलची ताटं, भिंतीवर दत्ताची तसबीर, आणि गल्ल्यावर काकू. नवा माणूस आला की त्या आधी विचारायच्या, "तिखट चालतं ना?" आणि त्याचं उत्तर पुढे कायम लक्षात ठेवायच्या. खानावळ बंद होऊन आता तेरा-चौदा वर्षं झाली. गिऱ्हाईक तुटलं नव्हतं, आणि जेवणही तेच होतं. वाड्याचे मालक वारले, वारसांत वाटणी झाली, वाडा विकला गेला. काकूंच्या मुलाने दोन वर्षं आसपास जागा शोधली. तो मला म्हणाला होता, "दादा, पोळ्या लाटायला बाया मिळतात, भाजी मिळते, जेवणारे तर रोज विचारतात. जागा तेवढी मिळत नाही."

शहरातल्या जुन्या खाण्याच्या ठिकाणांचा विषय निघाला की मला हे वाक्य आठवतं. हा विषय इंदुरात रोजच निघतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच, इथलं सगळ्यात जुनं दुकान कोणतं? आपण उत्साहाने नावं सांगतो. सराफ्यातला जोशींचा दहीवडा, नागोरींची शिकंजी, विजय चाटचे खोपरा पॅटिस, राजवाड्याजवळचं प्रशांत, 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीतलं जॉनी हॉटडॉग. मग पाहुण्यांना रात्री अकराला गाडीत घालून सराफ्यात नेतो, आणि त्यांच्या डोळ्यांतलं आश्चर्य पाहून आपलाही ऊर भरून येतो. यात वावगं काही नाही. मीही हेच करतो. पण या आपल्या बोलण्यात पदार्थ असतो, चव असते, एखाद्या माणसाच्या हाताची करामत असते, आणि जागा मात्र कधीच नसते. ते दुकान ज्या दहा बाय बारात उभं आहे ती जागा कुणाची, भाडं किती, करार कधी संपतो, मालकाचा मुलगा ती विकायच्या विचारात आहे का, हे आपण कधी विचारत नाही. आणि जुनी दुकानं मरतात ती बहुतेक इथेच.

माझं म्हणणं साधं आहे. शहराला आपल्या जुन्या खाणावळी, उपाहारगृहं आणि ओटल्यावरची दुकानं यांचा अभिमान असेल, तर त्यांना आहे त्या जागी राहण्याचा हक्क शहराने दिला पाहिजे. पदार्थाचं कौतुक पुरेसं नाही. पदार्थ कुठेही जातो. इंदुरी पोहे आज बेंगळुरूतही मिळतात.

माद्रिदमध्ये बोटिन नावाचं रेस्टॉरंट आहे. ते १७२५ साली सुरू झालं, आणि जगातलं सर्वांत जुनं चालू रेस्टॉरंट म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. तिथली लाकडावरची भट्टीही त्याच काळातली असल्याचं सांगतात. १७२५ म्हणजे चौंडीला अहिल्याबाईंचा जन्म झाला ते साल. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याचा विचार करत राहिलो. अहिल्याबाईंच्या अख्ख्या आयुष्यात, होळकरांच्या सगळ्या राज्यकाळात, आणि नंतर आजपर्यंत त्या एका दुकानातली चूल पेटती आहे. आपल्याकडे घाट टिकले, देवळं टिकली, राजघराण्याच्या समाधीवरच्या छत्र्या टिकल्या. तितकं जुनं खाण्याचं ठिकाण मात्र एकही नाही.

का नाही, याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, फक्त ते आपण बोलत नाही. आपल्याकडे बाहेर जेवणंच निषिद्ध होतं. माळव्यात कच्ची रसोई आणि पक्की रसोई असा भेद होता. पाण्यात शिजलेलं वरण-भात, पोळी हे कच्चं. ते आपल्या जातीच्या माणसाच्या हातचंच खायचं. तुपात तळलेलं ते पक्कं, ते बाहेरचंही चालायचं. आपली सर्वांत जुनी दुकानं हलवायांची, मिठाईची, कचोरी-नमकीनची का आहेत, आणि भाताची का नाहीत, याचं कारण मला यातच दिसतं. प्रवाशासाठी धर्मशाळा होत्या, अन्नछत्रं होती, आणि त्यांतही कुणाची पंगत कुठे हे ठरलेलं होतं. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत आपण मराठी मंडळी तर कुणाच्याच मागे नव्हतो.

हे चित्र बदललं ते गिरण्यांमुळे. होळकर दरबाराने १८६० च्या दशकातच इथे कापडगिरणी काढली, पुढे मालवा मिल, हुकुमचंद मिल अशा एकेक उभ्या राहिल्या. घरदार सोडून आलेला कामगार पाळी सुटल्यावर सोवळं शोधत बसत नाही. त्याला गरम, पोटभर आणि खिशाला झेपेल असं हवं असतं. इंदुरात पोहे पहाटे पाचला का मिळतात, याचं मूळही मला गिरणीच्या भोंग्यात असावं असं वाटतं. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांना त्यांची देणी मिळायला २०२३ उजाडलं. पाळ्या गेल्या, भोंगा गेला, पहाटेचे पोहे राहिले.

ते पोहे जवळून पाहिलेत का? आपल्या घरच्या कांदेपोह्यांहून ते फार वेगळे असतात. घरी आपण कांदा परततो, पोहे टाकतो, एक वाफ आणतो, वरून खोबरं-कोथिंबीर, आणि लगेच खातो. दुकानात खाली मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं आणि त्याच्या तोंडावर परात ठेवलेली असते. पोहे त्या वाफेवर तासन् तास मऊ राहतात, चुलीची आच त्यांना लागतच नाही. फोडणीत बडीशेप असते, कांदा असतो तो वरून कच्चा. मग शेव, लिंबू, डाळिंबाचे दाणे, आणि शेवटी दोन बोटांच्या चिमटीतून पडणारं जिरावण, म्हणजे इथली मसाल्याची पूड. हे तंत्र घरासाठी जन्मलेलंच नाही. पहाटे पाचपासून दहापर्यंत, कुणीही येवो, कुणालाही एकसारखं गरम मिळावं, यासाठी ते जन्मलं. त्या परातीभोवती उभे असतात ते हमाल, कॉलेजची मुलं, फिरून आलेले पेन्शनर, बँकेतले साहेब, सफाई कामगार. सगळ्यांच्या हातात तोच कागद, तेच पोहे.

मला या परातीचं मोल सर्वांत जास्त वाटतं, आणि ते चवीपलीकडचं आहे. इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर महू आहे, बाबासाहेबांचं जन्मगाव. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात, भेदभाव कुठे करता येणार नाही हे सांगताना, दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. घटना लिहिणाऱ्यांना मिसळीची दुकानं आणि चहाची हॉटेलं किती महत्त्वाची वाटली असतील, याचा विचार करा. माणसं एकमेकांशेजारी बसून खातात की नाही, यावरच समाज बदलला की नाही हे कळतं. आपल्या शहरात ते पहिल्यांदा जिथे घडलं ती ही दुकानं आहेत. म्हणून एखादं जुनं उपाहारगृह टिकावं की नाही हा त्याच्या मालकाचा खासगी मामला आहे, हे मला पटत नाही. अर्थात, उलटही तितकंच खरं. जुनं म्हणजे आपोआप चांगलं असं नव्हे. ज्या जुन्या जागेत अजूनही कामगाराचा पेला वेगळा ठेवला जातो, ती जागा कितीही वर्षांची असो, तिच्यासाठी माझ्या मनात जराही कळवळा नाही.

आता सराफा. सराफ्याची रीत बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दिवसभर बडा सराफा हा सोन्या-चांदीचा बाजार. रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्यांची शटर्स खाली येतात आणि त्याच पेढ्यांच्या ओटल्यांवर, पायऱ्यांवर, पुढच्या रस्त्यावर खाण्याची दुकानं मांडली जातात, ती मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. रात्री माणसांची वर्दळ राहिली तर सोनं सुरक्षित राहील म्हणून सराफांनीच ही वहिवाट वाढू दिली, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. एकच ओटला, दिवसा सोनाराचा आणि रात्री भुट्ट्याच्या किसाचा. जागेचा इतका समजूतदार वापर मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिलेला नाही. थंडीत तिथे गराडू, म्हणजे एक कंद, तळतात. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊसूत, वर लिंबू आणि जिरावण. जानेवारीच्या रात्री त्या कढईभोवती उभं राहिलं की घरी जावंसंच वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत याच सराफांच्या संघटनेने खाण्याची ही रात्रीची चौपाटी इथून हलवा अशी मागणी लावून धरली. महापालिकेने समिती नेमली, बैठका झाल्या, आणि पारंपरिक पदार्थांची ऐंशीएक दुकानंच ठेवायची असा विचार पुढे आला. सराफांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. अरुंद गल्ली, एका रांगेत पेटलेले सिलिंडर, वर जुन्या लाकडी माड्या, आणि सणासुदीला पाय ठेवायला जागा नाही एवढी गर्दी. आग लागली तर अग्निशमनाची गाडी आत येणार कशी? इंदूरला निष्काळजीपणाची किंमत ठाऊक आहे. ३० मार्च २०२३ ला रामनवमीच्या दिवशी बेलेश्वर महादेव मंदिरातली विहिरीवरची फरशी खचली आणि ३६ माणसं गेली. त्यानंतर 'इतकी वर्षं काही झालं नाही, आताही होणार नाही' असं म्हणण्याचा अधिकार या शहरात कुणालाच उरलेला नाही.

पण धोका असेल तर धोका काढा, माणसं का काढता? सिलिंडर धोक्याचे आहेत, तर शहरात पाइपने गॅस येतोच, तो बडा सराफ्यात आणा. ठरावीक वेळेआधी एकही हातगाडी लागणार नाही हे कडकपणे पाळा. गल्लीच्या दोन्ही तोंडांना माणसं मोजा. ज्या महापालिकेने २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक टिकवला, जिचे कामगार रोज बाजार उठल्यावर हा रस्ता इतका स्वच्छ करतात की सकाळी सराफाला मागमूस लागत नाही, तिला हे जमणार नाही असं कोण म्हणेल?

आणि 'पारंपरिक' ठरवायचं कसं, हा प्रश्न तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पदार्थ पाहून ठरवलं तर घोटाळा होईल. काल आलेला माणूस उद्यापासून गराडू तळायला लागला की तो पारंपरिक ठरेल, आणि ज्याच्या आजोबांपासून तो ओटला आहे, पण पोराने काळाप्रमाणे पदार्थ बदलला, तो बाहेर जाईल. यादी करायची तर वर्षांची करा, हातांची करा. या जागी, या घरातलं कुणी, किंवा या घराकडे शिकलेलं कुणी, किती वर्षं उभं आहे? नूडल्स आणि पिझ्झाच्या नव्या गाड्यांनी गल्ली भरली हे खरं आहे. त्यांच्यासाठी दुसरी जागा शोधावी, माझी हरकत नाही. मात्र जुन्यांना हात लावू नये.

यात आपल्याला कुणाकडे दयेची भीक मागायची गरजही नाही. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात स्थलांतराची तत्त्वं दिली आहेत. शक्यतो स्थलांतर टाळावं हे त्यातलं एक. आणि दुसरं असं की, ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेते पन्नासहून अधिक वर्षं धंदा करत आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. हे इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे. माझे वडील १९७२ मध्ये पगार झाला की सराफ्यात रबडी खायला जायचे. पन्नास वर्षं तर त्यांच्या एकट्याच्या आठवणीत भरतात. सराफ्याबद्दलची प्रत्येक चर्चा खरं तर या तरतुदीपासून सुरू व्हायला हवी. मी या विषयावरच्या दोन जाहीर बैठकांना गेलो आहे. दोन्ही ठिकाणी चवीवर भाषणं झाली, कायद्याचं नाव कुणी काढलं नाही.

छप्पनचं उदाहरण नेहमी दिलं जातं. पाहा, छप्पन दुकान कसं देखणं केलं, सराफ्याचंही तसंच करू. छप्पनचं काम चांगलं झालं हे मी मान्य करतो. गाड्या बाहेर गेल्या, बसायला जागा झाली, बायका-मुलांना निवांत फिरता येतं, २०१९ मध्ये स्वच्छ खाद्यकेंद्राचा मान मिळाला तो योग्यच होता. पण छप्पन ही मुळातच दुकानांची आखीव रांग आहे. तिथे प्रत्येकाला स्वतःचा गाळा आहे. रांगेचा चेहरा बदलला तरी गाळेवाला आपल्या जागी राहिला, म्हणून ते जमलं. सराफ्यात दुकानदाराकडे गाळा नाही, एक ओटला आहे, तोही फक्त रात्रीचा, आणि तोही तोंडी शब्दावर. त्याला तिथून उचलून एखाद्या नव्या, दिवे लावलेल्या 'फूड झोन'मध्ये ठेवलं की त्याच्या हाती राहते फक्त पाटी. मग त्याच पाटीचं भाडं दरवर्षी वाढतं, आणि तिसऱ्या वर्षी पाटी दुसऱ्याच्या हातात असते.

चार भिंतींतल्या जुन्या उपाहारगृहांचं दुखणं वेगळं. त्यांच्यासाठी २०१४ च्या कायद्यात काही नाही. त्यांचा सगळा जीव भाड्याच्या करारात. राजवाड्याच्या आसपास, जेल रोडला, मल्हारगंजात जी जुनी दुकानं आहेत त्यांतली बरीचशी पगडीवर घेतलेली, आजोबांच्या काळच्या भाड्यावर चाललेली. घरमालकावरही हा अन्याय आहे हे मान्य करायला हवं. ज्या जागेचे महिन्याला हजारो रुपये येऊ शकतात तिथे त्याला शे-दीडशे मिळतात, तेवढ्यात छपराची कौलंही बदलत नाहीत. त्यामुळे तो इमारत पडायची वाट पाहतो. पावसाळ्यात एक भिंत खचते, धोकादायक इमारतीची नोटीस येते, सगळे बाहेर. नवं बांधकाम झाल्यावर जुन्या भाडेकरूला परत येण्याचा हक्क कागदावर असतो, पण चार-पाच वर्षं धंदा बंद ठेवून कोर्टात उभं राहण्याची ताकद कुठल्या पोहेवाल्यात आहे? आचारी तोवर दुसरीकडे लागलेला असतो.

केवळ जुनं भाडं गोठवून ठेवणं हा उपाय नव्हे, हे स्पेनने अनुभवलं. तिथे जुन्या दुकानांचे गोठवलेले करार होते. १९९४ च्या कायद्याने त्यांना वीस वर्षांची मुदत दिली, आणि २०१४ च्या अखेरीस ती संपताच बार्सिलोना आणि माद्रिदमधली पिढ्यान् पिढ्यांची कितीतरी दुकानं भाडं न झेपल्याने गेली. वीस वर्षं हातात होती, पण त्या काळात पर्यायी व्यवस्था उभी राहिली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये दुसरी वाट धरली. तीस वर्षांहून जुन्या, वस्तीच्या ओळखीचा भाग झालेल्या दुकानांची त्यांनी नोंदवही केली, आणि अशा दुकानाला दहा वर्षांचा करार देणाऱ्या घरमालकाला शहराने अनुदान देऊ केलं. मला या योजनेतला व्यवहार फार आवडला. घरमालकाला खलनायक ठरवलं नाही, त्याला सोबत घेतलं.

आपल्याजवळचं उदाहरण कोलकात्याचं. २०१९ मध्ये इन्टॅक या संस्थेने तिथल्या १४ जुन्या खाण्याच्या ठिकाणांना वारसा म्हणून मान दिला, निळ्या पाट्या लावल्या. १८२६ पासूनचं भीमचंद्र नाग हे मिठाईचं दुकान त्यात आहे, कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस आहे, आणि साधी-सुधी भोजनालयंही आहेत. भोजनालयांना त्या यादीत जागा मिळाली याचं मला अप्रूप वाटलं. भात-माशाचं ताट वाढणारं ठिकाणही वारसा असू शकतं, हे कुणीतरी मान्य केलं. पाटीने भाडं भरलं जात नाही, पण पाटी लागली की विकणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो, एवढं नक्की.

इंदुरात हे का होऊ नये? १९८४ च्या दंगलीत राजवाडा जळाला. आपण तो पुन्हा उभा केला. वर्षं लागली, पैसा लागला, कुणी कुरकुर केली नाही, आणि २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त राज्याचं मंत्रिमंडळ तिथे बैठकीला बसलं. रतलामच्या शेवेला, मुरैन्याच्या गजकला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे. म्हणजे दगड-लाकूड जपण्याची व्यवस्था आहे, पदार्थाचं नाव जपण्याचीही आहे. या दोहोंच्या मध्ये जो माणूस त्या दगडी कट्ट्यावर तो पदार्थ करतो, त्याच्यासाठी काहीही नाही. आणि राजवाडा पुन्हा बांधता आला, खानावळ पुन्हा बांधता येत नाही. काकूंच्या डोक्यातली 'तिखट चालतं ना'ची उत्तरं कोणत्या नकाशावरून उभी करणार?

महापालिकेने एक नोंदवही करावी. पन्नास वर्षांहून अधिक काळ एकाच जागी किंवा एकाच वस्तीत चालू असलेली, सगळ्यांना खुली असलेली आणि साध्या माणसाला परवडणारी ठिकाणं त्यात असावीत. परवडण्याची अट मी मुद्दाम घालतो आहे. ज्या जुन्या हॉटेलाने वारशाच्या नावावर कचोरी दीडशे रुपयांना लावली, त्याला शहराच्या मदतीची गरज नाही. नोंदलेल्या ठिकाणाला दहा-पंधरा वर्षांचा, हळूहळू वाढत्या भाड्याचा करार देणाऱ्या घरमालकाला मालमत्ता करात सवलत मिळावी. हा कर महापालिकेच्याच हातात आहे. जुनी इमारत पाडून नवी बांधताना, रस्त्यालगतचा गाळा त्याच दुकानाला परत मिळणार, हे बांधकाम परवानगीतच लिहावं. एवढं केलं तरी निम्मी दुकानं वाचतील असं माझं मन सांगतं.

उरलेली निम्मी जागेमुळे नव्हे, वारसामुळे अडतात. मुलगा पुण्याला आयटीत, मुलगी सासरी, आणि कढईपुढे उभं राहायला घरातलं कुणी नाही. आपण लगेच मुलांना दोष देतो. मला ते कधीच योग्य वाटलं नाही. पहाटे तीनला उठून पन्नास वर्षं धूर गिळलेल्या बापालाच वाटत असतं की पोराने हे करू नये. पण त्या दुकानात वीस-पंचवीस वर्षं काम केलेला आचारी असतो, वाढपी असतो, त्याला सगळं येतं. इंडियन कॉफी हाउसचा इतिहास इथे आठवावा. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली हॉटेलं बंद करायला घेतली तेव्हा कामावरून काढलेल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली, आणि तुरेवाल्या फेट्यातले वाढपी आजही देशभर कॉफी देत आहेत. ज्याने झारा धरला त्याच्याकडे गल्ला गेला तर दुकान टिकतं. परवाना, नाव आणि करार कामगारांच्या नावावर सहज करता यावा, आणि त्यासाठी एखाद्या सहकारी बँकेने कर्ज द्यावं. इंदुरात मराठी माणसांनी उभ्या केलेल्या सहकारी संस्था आहेत. हे काम त्यांच्या घरचंच आहे.

आपल्या मराठी समाजाबद्दल दोन शब्द बोलायचेच आहेत, कारण मला हे आतून लागलेलं आहे. सानंद या इथल्या संस्थेच्या नाटकांना आपण वर्षाचं सभासदत्व काढतो, गणपतीत मोदकांच्या स्पर्धा घेतो, जत्रेत झुणका-भाकरीच्या स्टॉलपुढे तासभर रांग लावतो. झुणका-भाकरी तीन दिवस मिळते म्हणून आपण धन्य होतो. तीच ज्यांच्याकडे बारा महिने, रोज, दोन्ही वेळा मिळत होती त्या खानावळी एकामागून एक मिटल्या तेव्हा आपण कुठे होतो? मीही तिथे नव्हतो. माझ्या लग्नानंतर मी काकूंकडे कितीदा जेवायला गेलो, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. वाड्याचा सौदा झाला तेव्हा वस्तीतल्या पाच-पंचवीस प्रतिष्ठितांनी एकत्र येऊन नव्या मालकाशी बोलणं केलं असतं, गाळ्याची अनामत उभी केली असती, तर कदाचित ती खानावळ त्याच जागी, नव्या इमारतीच्या तळमजल्यावर आज चालू असती. कुणी बोललंच नाही. आम्हाला कळलं तेव्हा दारावर कुलूप होतं.

सराफ्याच्या बाबतीत अजून कुलूप लागलेलं नाही. पन्नास वर्षांची वहिवाट सिद्ध करायची तर पुरावा लागतो, आणि ओटल्यावर तोंडी शब्दाने चाललेल्या धंद्याकडे कागद नसतात. कागद आपल्या घरांत आहेत. कुणाच्या अल्बममध्ये १९६० चा सराफ्यातला फोटो असेल, मागे कढई आणि पाटी दिसत असेल. कुणाच्या आजोबांनी रोजचा खर्च लिहिलेल्या वहीत 'सराफा, रबडी, चार आणे' अशी नोंद असेल. कुणाकडे बारशाच्या पेढ्यांचं बिल असेल. हे सगळं शोधा, त्याचे फोटो काढा, तारखा लिहा, आणि त्या-त्या दुकानदाराच्या हाती द्या. पथविक्रेता समितीपुढे उभं राहताना त्याला ते लागेल.

वडिलांच्या कपाटात कार्डासोबत खर्चाच्या तीन वह्या निघाल्या आहेत. १९७१ ते १९७४. दर महिन्याच्या एक किंवा दोन तारखेला एक ओळ ठरलेली आहे, सराफा, आणि पुढे दुकानाचं नाव. ते दुकान आजही त्याच ओटल्यावर रात्री नऊला लागतं. वहीची ती पानं मी झेरॉक्स करून ठेवली आहेत, आणि या आठवड्यात त्यांच्याकडे पोचती करणार आहे.